वेरूळचा काळोख आणि पॅरिसचा वाद्यवृंद

फ्रान्समधील वाद्यवृंदाचे संगीत हा विषय प्रवरेच्या काठी मांडावयाचा म्हटले, तर श्रोत्यांपैकी कोणीही प्रथम हेच विचारील की, याचा आणि आमचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. अकोल्याच्या माणसाला संगीत म्हटले की भजन आठवते, कीर्तन आठवते, तमाशातली ढोलकी आठवते, फार तर नाट्यसंगीत आठवते. ऐंशी-नव्वद वादक काळे कोट घालून अर्धवर्तुळात बसले आहेत, मधोमध उंचवट्यावर एक गृहस्थ हातात बारीक काठी घेऊन उभा आहे आणि समोरचे प्रेक्षक तासभर माना न हलवता बसले आहेत, हे चित्र आपल्याला परके वाटते, आणि ते तसे वाटण्यात काही गैर नाही. परंतु या परक्या संगीतातील एका मोठ्या रचनेचा पहिला भाग आपल्या वेरूळच्या लेण्यांत सुचलेला आहे, हे कळल्यावर विषय इतका दूरचा राहत नाही. वेरूळ येथून दूर नाही. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी शाळेच्या सहलीत कैलास लेणे पाहिलेले असेल. त्याच कैलासासमोर १९०९ साली एक चाळिशीचा फ्रेंच मनुष्य आपल्या नवविवाहित पत्नीसह उभा होता. त्याचे नाव आल्बेर रूसेल.

हा रूसेल मुळात गवई नव्हे, खलाशी. ५ एप्रिल १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील तुर्क्वँ या कापडगिरण्यांच्या गावी त्याचा जन्म झाला. आईबाप लहानपणीच गेले. १८८७ साली तो फ्रेंच आरमाराच्या विद्यालयात दाखल झाला. पुढे अधिकारी होऊन आज ज्याला आपण व्हिएतनाम म्हणतो त्या प्रदेशापर्यंत जाऊन आला. जहाजावर सवड मिळाली की तो स्वरलेखन करीत बसे. अखेर १८९४ साली त्याने नोकरीचा राजीनामा दिला. पंचविसाव्या वर्षी पक्की सरकारी नोकरी सोडून संगीताचे प्राथमिक धडे गिरवायला बसणे, हे त्या देशातही शहाणपणाचे मानले जात नसणार. आपल्याकडे तर अशा मुलाची गावभर चर्चा झाली असती! तो पॅरिसमध्ये व्हँसाँ दँदी यांच्या 'स्कोला कांतोरुम' या विद्यालयात शिकला आणि तेथेच शिक्षक झाला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत एरिक साती आणि एडगार व्हारेझ यांची नावे आहेत. १९०८ साली त्याचे ब्लांश प्राइझाक हिच्याशी लग्न झाले आणि दुसऱ्या वर्षी हे जोडपे पूर्वेच्या लांबच्या प्रवासाला निघाले. मुंबई, वेरूळ, जयपूर, चितोड, काशी, पुढे सिंहलद्वीप आणि त्याही पलीकडे अंकोरची मंदिरे.

मुंबईहून वेरूळला जाणाऱ्याची त्या काळची नेहमीची वाट आपल्या परिचयाची आहे. जी. आय. पी. रेल्वेने कसाऱ्याचा घाट चढायचा, इगतपुरी-घोटीवरून मनमाड गाठायचे, तेथे निजाम सरकारच्या मीटर गेजच्या गाडीत बसायचे आणि दौलताबाद किंवा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे उतरून टांगा करायचा. घोटीच्या आसपास या गाडीच्या उजव्या हाताला कळसूबाईची रांग येते. म्हणजे आपल्या तालुक्याच्या माथ्यावरून नव्हे, पण त्याच्या कुशीवरून ही वाट जात होती. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचे पुरातत्त्व खाते गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली सुरू झाले ते १९१४ साली. आज आपण पाहतो ती साफसफाई, त्या पायवाटा, ती तिकिटाची खिडकी यांतील काहीही १९०९ च्या प्रवाशापुढे नव्हते.

आत काय होते ते मात्र हजार-बाराशे वर्षांपूर्वीच तयार झालेले होते. चौतीस लेणी. पहिली बारा बौद्धांची, मधली सतरा शैव-वैष्णवांची, शेवटची पाच जैनांची. सोळावे लेणे कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली कोरत आणलेले. बाहेरच्या रखरखीत उन्हातून आत पाऊल टाकले की क्षणभर काही दिसत नाही. मग हळूहळू भिंतीतून एक हात दिसतो, एक मुकुट दिसतो, रावणाचे खांदे दिसतात, आणि मग सबंध देव उभा राहतो. हा अनुभव घेण्यासाठी तुम्हांआम्हांला वेरूळलाही जायला नको. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभे राहून ज्याने त्या भल्यामोठ्या लिंगाकडे पाहिले आहे, त्याला रूसेलला काय वाटले असेल हे वेगळे सांगावे लागणार नाही.

परत गेल्यावर १९१० आणि १९११ या दोन वर्षांत त्याने जी रचना लिहिली तिचे नाव 'एव्होकासियाँ', म्हणजे आवाहने. तिचे तीन भाग आहेत. पहिला 'गुहांच्या छायेतील देव', हा वेरूळचा. दुसरा 'गुलाबी नगरी', हा जयपूरचा. तिसरा 'पवित्र नदीच्या काठी', हा काशीचा, आणि यात वाद्यांबरोबर गायक व मोठा गायकसमूहही आहे. एकूण पाऊण तासाची ही रचना १८ मे १९१२ रोजी पॅरिसच्या साल गाव्हो या सभागृहात रने-बातों याच्या नेतृत्वाखाली प्रथम वाजली.

आता या संगीताचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वर पुढे चालतो. तंबोरा मागे असतो, साथ असते, पण लक्ष त्या एका स्वराच्या वाटचालीवर. वाद्यवृंदात एकाच क्षणी दहा-वीस निरनिराळे स्वर निरनिराळ्या वाद्यांतून निघतात आणि त्यांच्या मिश्रणाचा जो रंग होतो तोच ऐकण्याचा विषय असतो. गुहेतील अंधार दाखवायचा असेल तर आपला गवई मंद्र सप्तकात उतरेल आणि तेथे रेंगाळेल. फ्रेंच रचनाकार मोठ्या तंतुवाद्यांना खालच्या सुरांत हलकेच कुजबुजायला लावील, त्यावर लाकडी सुषिर वाद्यांचा धूसर रंग पसरील आणि दूर कोठेतरी एखाद्या बासरीची रेघ ओढील. डोळे अंधाराला सरावावेत तसे कान हळूहळू एकेक आकृती ओळखू लागतात. रूसेलच्या पिढीतील फ्रेंच रचनाकार या रंगकामात अतिशय तरबेज होते. त्यांच्यापुढे देब्युसीचा धडा होता, आणि देब्युसीने स्वतः १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावा बेटावरील वादकांचा ताफा ऐकून बरेच काही मनात साठविले होते.

रूसेलने आपल्या रागांचे काय केले, असे कोणी विचारील. पहिल्या दोन भागांत जवळजवळ काहीच नाही. आपण ही रचना हिंदुस्थानच्या अनुभवातून लिहिली असली तरी ऐकणाऱ्याने तीत अमुक एक देश शोधू नये, हिंदुस्थान म्हणा, तिबेट म्हणा, इराण म्हणा, सारखेच, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. हे वाचून आपल्याला राग येऊ शकतो. वेरूळ आणि इराण सारखेच? पण त्यात एक प्रामाणिकपणाही आहे. आठ-दहा आठवड्यांच्या प्रवासात मला राग कळले असा आव त्याने आणला नाही. काशीच्या भागात मात्र एक अपवाद आहे. गंगेच्या काठी एक तरुण फकीर देवांना आणि सूर्याला उद्देशून काही म्हणत होता. त्याची चाल रूसेलने आपल्या वहीत टिपून घेतली आणि ती पुरुषगायकाच्या तोंडी घातली. त्या फकिराचे नाव वहीत नाही. स्वर तेवढे राहिले.

माझी तक्रार रागांबद्दल नाही, ती दुसरीच आहे. 'गुहांच्या छायेतील देव' या भागात देव आहेत, छाया आहे, माणसे मात्र नाहीत. आणि साल कोणते? १९०९. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. रूसेल या देशात येऊन गेला त्याच मोसमात, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. वेरूळच्या वाटेवरचेच ते नाशिक! त्याच सुमारास पंडित भातखंडे गावोगावच्या गवयांकडून चिजा गोळा करीत हिंडत होते आणि त्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० साली मराठीत छापून निघाला. पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबईची शाखा नुकतीच, १९०८ साली, उघडली होती. 'मानापमान' दोनच वर्षांनी रंगभूमीवर यायचे होते. म्हणजे महाराष्ट्र राजकारणात पेटलेला होता आणि संगीतात नवी मांडामांड करीत होता. परदेशी प्रवाशाला मात्र दिसला तो कालातीत पूर्वदेश, जेथे काहीच घडत नाही, फक्त देव अंधारात उभे असतात. युरोपातील कलावंतांनी पूर्वेकडे पाहिले ते बहुधा असेच, आणि रूसेल त्यांतला बराच सभ्य म्हणावा लागेल.

याच्या शेजारी मोरिस दलाज याचे उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. दलाज हा राव्हेलचा शिष्य. तो १९१२ च्या सुमारास हिंदुस्थानात आला आणि डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक हिंडला. गव्हर जान हिचे गाणे १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झाल्यापासून आपल्याकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांचा धंदा वाढू लागला होता. दलाजने अशा तबकड्या मिळविल्या. इमदाद खाँ यांची सतार आणि कोइमतूर तायी या दाक्षिणात्य गायिकेचे गाणे त्याने पुनःपुन्हा ऐकले. त्याच्या 'चार हिंदू कविता' या गीतमालेत, जिचा पहिला प्रयोग १४ जानेवारी १९१४ रोजी पॅरिसमध्ये झाला, लाहोरच्या गीतात चेलोवादकाला तार बोटाने छेडून स्वर घसरत न्यावा लागतो. ती सतारीची मींड आहे. फ्रेंच चेलोच्या तारेवर इमदाद खाँची मींड! याच मालेतील दोन गीतांचे शब्द भर्तृहरीचे आहेत. रूसेल लेणे पाहून गेला आणि दलाज तबकडी घेऊन गेला, असे थोडक्यात म्हणता येईल. तबकडीतून जे गेले ते अधिक अचूक गेले.

येथे ध्वनिमुद्रणाचा मुद्दा येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मुद्रण दोन प्रकारचे असते. एक बंद खोलीत, तुकड्यातुकड्यांनी, चूक झाली की पुन्हा, असे केलेले. दुसरे भरसभेत, प्रेक्षकांसमोर, एकदाच वाजले तसे पकडलेले. पहिल्यात सफाई असते. दुसऱ्यात कोणी खोकतो, खुर्ची करकरते, एखादे वाद्य क्षणभर मागे पडते. पण मागे फिरता येत नाही हे वाजवणाराला ठाऊक असल्यामुळे त्याच्या वाजवण्याला एक धार येते. रसिकांना हे समजावून सांगायला नको. रेडिओवरचे तीन मिनिटांचे गाणे आणि पहाटेपर्यंत चाललेली बैठक यांतला फरक आपण जाणतो.

रूसेलच्या बाबतीत असे एक मुद्रण उपलब्ध आहे. चितोड पाहून त्याच्या मनात जे घोळत राहिले त्यातून 'पद्मावती' हे दोन अंकी संगीत-नृत्यनाट्य झाले. संहिता लुई लालवा याची. काम १९१३ साली सुरू झाले, मध्येच महायुद्ध आले, रूसेल पुन्हा गणवेष चढवून आघाडीवर गेला, आणि अखेर १ जून १९२३ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. कथा आपल्याला माहीत असलेली, पण शेवट निराळा. अल्लाउद्दिनाच्या स्वाधीन हो असे जेव्हा राजाच सुचवितो, तेव्हा ही पद्मावती शंकराच्या देवळात त्याला स्वतःच्या हाताने मारते आणि मग त्याच्या चितेवर चढते. चितोडचा वेढा १३०३ चा, जायसीचे 'पद्मावत' १५४० चे. म्हणजे मधल्या दोनशे वर्षांहून अधिक काळात कथेने रूप घेतले, आणि फ्रान्सला पोचल्यावर तिने आणखी एक वळण घेतले. इतिहास आणि आख्यान यांची गल्लत करू नये हे खरे, पण आख्यानाचाही एक इतिहास असतो.

हे नाटक १९६९ साली लंडनमध्ये मैफलीच्या स्वरूपात, म्हणजे नेपथ्यावाचून, केवळ गायक आणि वाद्यवृंद यांच्या बळावर सादर झाले. पद्मावतीची भूमिका बेल्जियमच्या रीता गोर यांनी गायिली. वाद्यवृंदापुढे उभे होते झाँ मार्तिनाँ. हे मार्तिनाँ स्वतः रूसेलचे शिष्य. गुरू २३ ऑगस्ट १९३७ रोजी वारला होता; बत्तीस वर्षांनी शिष्य त्याचे हे मोठे काम भरसभेत उभे करीत होता. दुसऱ्या महायुद्धात हा शिष्य जर्मनांचा युद्धकैदी म्हणून छावणीत राहून आलेला. त्या प्रयोगाचे मुद्रण पुढे तबकडीरूपाने बाजारात आले. नंतर मिशेल प्लासों यांनी तुलूझच्या वाद्यवृंदाकडून तेच नाटक खोलीत बसून, अत्यंत नामांकित गायक घेऊन मुद्रित केले. सफाई पाहाल तर ती प्लासोंची. पण दुसऱ्या अंकातील देवळातला विधी, तो गायकसमूहाचा हळूहळू चढत जाणारा गजर, हे मार्तिनाँच्या मुद्रणात ऐकावे असे मी म्हणेन. मार्च २००८ मध्ये पॅरिसच्याच शातले नाट्यगृहात 'पद्मावती' रंगमंचावर आली तेव्हा दिग्दर्शक होते मुंबईचे संजय लीला भन्साळी. त्यांचा 'पद्मावत' चित्रपट आला २०१८ साली. तो पाहिलेल्यांपैकी किती जणांना ही फ्रेंच वाट ठाऊक असेल?

कोणी म्हणेल, वाद्यवृंद ही वस्तू आपल्या मातीत रुजलीच नाही. हे अर्धेच खरे आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबीन १९३६ साली मुंबईतच जन्मले आणि अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेले. त्या वाद्यवृंदात पारशी होते तसे गोव्याचे ख्रिस्ती वादकही होते. गोव्याच्या चर्चमधील शाळांत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी दिवसा चित्रपटांच्या गाण्यांत वाजवीत. त्यांच्यापैकीच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. रागाची चौकट न मोडता ती शेकडो तारांवर कशी पसरावी, हा त्यांचा ध्यास होता. लोकांना हे नाव १९७७ सालच्या एका चित्रपटातील गमतीच्या गाण्यामुळे माहीत आहे. ते गाणे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेले वंदन होते. पुढे २००६ साली राष्ट्रीय कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला.

परंतु मला राहूनराहून वाटते ते वेगळेच. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत आपल्यात होते. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचीही नाही. त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून जे उतरले तेवढेच. इकडे गंगेकाठच्या एका अनाम फकिराची चाल मात्र फ्रेंच खलाशाच्या वहीमुळे आजही इंग्लंडमध्ये, बोहेमियात वाद्यवृंद वाजवितात. टिपून ठेवणाराचे ज्ञान अपुरे होते, दृष्टी एकांगी होती, तरी त्याने टिपून ठेवले.

आपल्या तालुक्यातच चैत्र-वैशाखात डोंगरातील गावांत बोहाडा होतो. रात्र असते. मशालींचा उजेड हलतो. संबळ घुमू लागते आणि अंधारातून गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावण येतो. लाकडाचे ते जड मुखवटे मानेवर पेलून नाचणारा माणसेच. कोणी नांगर धरणारा, कोणी रानातून हिरडा गोळा करणारा. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, आणि संबळवाला ती ओळखून हात बदलतो. 'गुहांच्या छायेतील देव' हे नाव रूसेलने वेरूळला दिले. ते बोहाड्याला अधिक शोभते, कारण येथे देव आणि माणूस एकाच मुखवट्यात असतात. हे संगीत भरसभेत, खोकल्या-शिट्ट्यांसकट, कुत्र्यांच्या भुंकण्यासकट मुद्रित करावे लागेल. बंद खोलीत संबळवाल्याला बसवून ते होणार नाही, कारण समोर सोंग नाचत नसेल तर हात कोणत्या पावलावर बदलायचा हे त्याला कळणार नाही. त्यासाठी आज फार खर्चही लागत नाही. खिशातल्या फोनवरसुद्धा काम भागते. फक्त गाव, तारीख, सोंगाचे नाव आणि वाजवणाराचे नाव ही चार टिपणे मुद्रणाबरोबर लिहून ठेवायला हवीत. रूसेलच्या वहीत नेमके शेवटचे राहून गेले होते.